टेक्सासच्या तळ्याकाठी साप-बूट: चार वर्षं वापरल्यानंतर

आमच्या मागच्या पडवीत दाराच्या उजव्या हाताला खुंट्यांवर बुटांचे जोड उलटे टांगलेले असतात. उलटे अशासाठी की सरळ ठेवले तर रात्रीत आत काहीतरी शिरतं, विंचू, कोळी, एकदा तर चांगला गुबगुबीत बेडूक होता. त्यातला मधला, चॉकलेटी रंगाचा, गुडघ्याच्या जरा खालपर्यंत येणारा जोड माझा. ह्या बुटांबद्दल लिहायचं कधीचं मनात होतं, कारण ह्यूस्टनमधली आपली बरीच मंडळी आता शहराबाहेर जमीन बघतायत आणि दर शनिवार-रविवारी कोणाचा ना कोणाचा फोन येतो, विहिरीचं पाणी कसं आहे, सेप्टिक टँकचं काय, कोंबड्या कुठून आणल्या, आणि सगळं विचारून झाल्यावर आवाज जरा खाली करून, सापांचं काय हो?

तर सापांचं असं आहे. आमची सात एकर जागा ह्यूस्टनच्या उत्तरेला लेक लिव्हिंग्स्टनच्या बाजूला आहे, पाइनी वूड्स म्हणतात त्या पट्ट्यात. उंच पाइनची झाडं, खाली त्यांच्या सुयांचा जाड थर, मधून मधून ओकची झाडं, आणि जमिनीच्या उतारावर साधारण अर्ध्या एकराचं तळं, जे आधीच्या मालकाने गुरांसाठी खणलं होतं. जागा घेतली ती खरं तर त्या तळ्यासाठीच. पहिल्या दिवशी बघायला गेलो तेव्हा पाण्यावर चतुर उडत होते, कडेला कासवं ओळीने ऊन खात बसलेली, आणि मला एकदम गावच्या मळ्याची आठवण झाली. आमचं गाव देवगडकडचं. म्हटलं हेच घ्यायचं.

शेजारचे आजोबा (वय ७८, आयुष्य गेलं गुरांत) ओळख करून घ्यायला आले तेव्हा त्यांचं दुसरंच वाक्य होतं, तळ्यात मोकासिन आहेत, पोरीला एकटीला सोडू नका. वॉटर मोकासिन म्हणजेच कॉटनमाउथ, मी त्याला घरात कापूसतोंड्या म्हणते. अमेरिकेतला पाण्याकाठी राहणारा विषारी साप, व्हर्जिनियाच्या आग्नेय कोपऱ्यापासून फ्लोरिडा, लुइझियाना आणि इकडे मध्य टेक्सासपर्यंत सापडतो. आपल्या घोणशीच्या घराण्यातलाच, पण डोळा आणि नाकपुडीच्या मधे खळगा असतो ज्याने त्याला अंधारात उंदराची ऊब कळते. दोन ते चार फूट लांब, पण लांबीपेक्षा जाडीच जास्त नजरेत भरते, मनगटाएवढा जाड आणि काळपट मातकट. डिवचला की पळायच्या ऐवजी जागीच वेटोळं घालतो, डोकं मागे घेतो आणि तोंड उघडून आतला पांढराफटक रंग दाखवतो. कापसासारखा पांढरा, म्हणून कॉटनमाउथ.

मला सापांची भीती लहानपणापासून आहे आणि त्याला कारण आहे. मी सातवीत असताना माझ्या धाकट्या आत्याला फुरसं चावलं. आंब्याखालचा पातेरा गोळा करत होती भाजावळीसाठी, पायात साधी स्लिपर. आमच्याकडे साप चावला असं तोंडाने म्हणत नाहीत, पान लागलं म्हणतात, आणि संध्याकाळनंतर तर सापाचं नावही घेत नाहीत, किरडू म्हणायचं किंवा जनावर. आजीने जनावराने पान लावलं असं ओरडल्याचा आवाज अजून माझ्या कानात आहे. रिक्षातून नेईपर्यंत आत्याच्या हिरड्यांतून रक्त यायला लागलं होतं. वाचली, कारण तिथल्या डॉक्टरांकडे सापाच्या विषावरची लस होती आणि त्यांनी वेळ घालवला नाही. पण तिच्या पावलावरचा तो काळा डाग मी पुढे प्रत्येक सुट्टीत बघितला आणि तेव्हापासून एकच गोष्ट डोक्यात बसली की पायात काहीतरी असतं तर.

म्हणून इथे राहायला आलो त्याच आठवड्यात मी बूट घेतले.

पहिला जोड फुकट गेला

शेतकी सामानाच्या दुकानात गेले, सरळ विचारलं सापासाठी बूट आहेत का, त्यांनी एक जोड काढून दिला, ११० डॉलर. दिसायला छान, हलके, वर हिरवट कॅमोफ्लाजचं कापड, बाजूला उभी झिप, आणि डब्यावर मोठ्या अक्षरात स्नेकप्रूफ. कंपनीचं नाव लिहीत नाही कारण माझा एक जोड वाईट निघाला म्हणून त्यांचे सगळेच तसे असतील असं मला म्हणता येणार नाही. पण काय झालं ते सांगते.

तीन महिने वापरले. तळ्याकाठचा चिखल झिपमध्ये जाऊन बसायला लागला, मी रोज जुन्या टूथब्रशने साफ करायचे, तरी एक दिवस झिप अर्ध्यात अडकली ती अडकलीच. नवऱ्याने ती सोडवायला बूट टेबलावर घेतला आणि आतून हात घालून चाचपताना म्हणाला, अगं हे नडगीवर जाड आहे पण इथे जिभेपाशी काहीच नाहीये. माझ्याकडे गावाहून आणलेली दाभण आहे, पोती शिवायची. मी ती घेतली आणि बुटाच्या नडगीवर जोर लावून टोचली, अर्धी गेली आणि थांबली, आतून काही टोक आलं नाही. मग पावलाच्या वर, जिथे जीभ वाकते आणि लेस सुरू होते, तिथे टोचली. फार जोर न लावता आरपार. माझं बोट आत होतं, टोक लागलं बोटाला.

दाभण म्हणजे सापाचा दात नव्हे हे मला कळतं. पण तीन महिने मी ज्या भरवशावर गवतातून फिरत होते तो भरवसा त्या जागी नव्हता. आणि साप चावतो कुठे? तर बहुतेक वेळा हाताला नाहीतर पावलाला, घोट्याला. म्हणजे नेमकं जिथे वाकायला सोपं जावं म्हणून कापड पातळ ठेवलं होतं तिथेच. परत करायला गेले तर तीस दिवस उलटलेत म्हणाले. दाभणीचं भोक दाखवलं तर तो मुलगा म्हणाला, मॅडम हे तर तुम्हीच पाडलंत. खरंच होतं, काय बोलणार.

दुसरा जोड, जो अजून पायात आहे

ह्या वेळी घाई केली नाही. महिनाभर वाचलं, शेजारच्या आजोबांना विचारलं, त्यांच्या सुनेला विचारलं जी रोज कुंपणाची कामं करते, आणि दुकानात जाऊन प्रत्येक बुटाच्या आत हात घालून चाचपलं. विक्रेता बघत राहिला, राहू दे बघत. ज्यात घोट्यापासून वरपर्यंत सलग थर आहेत, जीभ वेगळी न राहता दोन्ही बाजूंना शिवून टाकलेली आहे आणि पावलावर जाड चामडं आहे असा एकच जोड सापडला. अठरा इंच उंच, चामडं आणि त्याच्या वर बॅलिस्टिक नायलॉन, झिप नाही, पूर्ण लेस. १९५ डॉलर अधिक टॅक्स. महाग वाटले, पण आज चार वर्षं होत आली, तळ एकदाही निघाला नाही, फक्त लेस दोनदा बदलल्या.

आता त्यांचे त्रासही सांगते कारण ते कोणी सांगत नाही. एक तर वजन, जोडी दोन किलोच्या आसपास भरते आणि पहिला महिना संध्याकाळी पोटऱ्या भरून यायच्या. दुसरं म्हणजे घालायला वेळ लागतो. सकाळी कोंबड्यांनी आरडाओरडा चालवलेला असतो, मुलीच्या शाळेची बस साडेसहाला, आणि तुम्ही खाली बसून लेस आवळताय. ह्या कंटाळ्यापायीच माणूस स्लिपर घालून जातो आणि नेमकं तेव्हाच काहीतरी होतं, म्हणून मी ठरवलं की चहाचं आधण ठेवलं की बूट घालायचे, चहा उकळेपर्यंत बांधून होतात. तिसरं, उकाडा. ऑगस्टमध्ये इथे पारा कित्येकदा ३८ च्या वर जातो आणि हवेत दमटपणा इतका की मुंबई बरी वाटावी. दुपारी ह्या बुटात पाय अक्षरशः शिजतो. सुती मोजे घालू नका, ओले झाले की ओलेच राहतात आणि फोड येतात, लोकरीचे पातळ मोजे मिळतात ते घ्या, गरम होतील असं वाटतं पण उलट घाम शोषून घेतात. आणि मापाला अर्धा नंबर मोठा घ्या.

ओले झाले तर उन्हात टाकू नका, चामडं तडकतं. आत वर्तमानपत्राचे बोळे घालून पंख्याखाली ठेवायचे. पावसाळ्यात आई आमच्या शाळेच्या बुटांत घालायची तसेच.

एकदाच परीक्षा झाली

२०२४ च्या जुलैमध्ये बेरिल वादळ आमच्यावरून गेलं. लाइट बरेच दिवस नव्हती, तीन पाइन आडवे, कोंबड्यांच्या खुराड्याचं छप्पर तळ्याच्या काठावर जाऊन पडलेलं. दुसऱ्या दिवशी सकाळी मी आणि नवरा पत्रे उचलायला गेलो. सगळीकडे फांद्या, पाला, चिखल, जमीन दिसतच नव्हती. मी एका फांदीला टेकून पलीकडे पाय टाकला आणि पायाखाली काहीतरी हललं. मऊ आणि घट्ट एकाच वेळी, जसं पाण्याने भरलेल्या जाड पाइपवर पाय पडावा तसं. मी खाली बघितलं आणि माझ्या उजव्या बुटाखालून काळपट जाड अंग दोन्ही बाजूंना वळवळत होतं.

ओरडले नाही, ओरडायला सुचलंच नाही. पाय उचलला. तो क्षणभर तिथेच राहिला, डोकं माझ्याकडे वळवलं, तोंड उघडलं, आणि तो पांढरा रंग मी पहिल्यांदा दीड-दोन फुटांवरून बघितला, आतल्या कडा किंचित गुलाबी. शेपटी पानांत थरथरत होती, त्याचा सुकी पानं खडखडल्यासारखा आवाज. आणि एक वास, उग्र, कुजकट, बोकडाच्या अंगाला येतो तसा. मी दोन पावलं मागे सरकले. त्याने तोंड मिटलं, वळला, आणि अजिबात घाई न करता उतरून पाण्यात गेला. चावला नाही. बुटावर धडकलाही नाही. मी पाय दिला होता त्याच्या अंगावर, पूर्ण वजनाने, तरी नाही.

मी तशीच चिखलात बसले आणि दहा मिनिटं थरथरत होते. पण नंतर वाचलं तेव्हा कळलं की मला आलेला अनुभव काही जगावेगळा नव्हता. साउथ कॅरोलायनाच्या दलदलीत व्हिट गिबन्स आणि मायकल डॉर्कस ह्या दोन अभ्यासकांनी रानातल्या कॉटनमाउथवर मुद्दाम असे प्रयोग केले, २००२ मध्ये ते छापून आले. जवळ गेल्यावर निम्मे साप निघून जायचा प्रयत्न करतात. आणि खोटा हात वापरून ज्या ३६ सापांना पकडलं त्यातले फक्त १३ त्या हाताला चावले. बाकीच्यांनी तोंड दाखवलं, शेपटी हलवली, वास सोडला, म्हणजे जे जे करून समोरच्याला लांब ठेवता येईल ते सगळं केलं, पण विष खर्च केलं नाही. इथे मात्र जो तो छातीठोकपणे सांगतो की मोकासिन माणसाच्या मागे लागतो, बोटीत चढतो. आजोबांचाही ह्यावर ठाम विश्वास आहे.

तेव्हा माझ्या बुटांनी सापाचा दात अडवलाय असं मी छातीवर हात ठेवून सांगू शकत नाही, तशी वेळच आली नाही. त्यांनी काय केलं तर मला उडी मारू दिली नाही. स्लिपर असती तर मी घाबरून कुठे पाय टाकला असता, त्या फांद्यांत पडले असते, हात टेकले असते आणि मग त्याच्या तोंडासमोर हात आला असता. पायाची काळजी नव्हती म्हणून मी उभी राहू शकले आणि त्याला जायला वाट दिली. १९५ डॉलर मला तिथे वसूल झाले.

ओळखायला शिका, नाहीतर बूट घालून फक्त भुई धोपटाल

आमच्या तळ्यात मोकासिनपेक्षा बिनविषारी पाणसापच जास्त आहेत. आपल्या पाणदिवडासारखेच, तेवढेच रागीट, हात लावला तर कडकडून चावतील पण विष नाही. बिचारे दिसतात मोकासिनसारखे, डिवचलं की डोकं चपटं करून त्रिकोणी दाखवतात, म्हणून इथे मारले जातात त्यातले कितीतरी हेच. आजोबांनी मारून कुंपणावर टाकलेले तीन साप मी जवळून बघितले, तिन्ही पाणसाप. साप साप म्हणून भुई धोपटायची ती हीच.

पाण्यात ओळखणं त्यातल्या त्यात सोपं. कॉटनमाउथ पोहतो तेव्हा अख्खं अंग पाण्यावर तरंगतं, जणू फुगा आहे, डोकं वर उचललेलं. पाणसापाचं डोकं तेवढं वर आणि बाकी अंग पाण्याखाली. जमिनीवर असेल तर कॉटनमाउथच्या डोळ्यावरून गालापर्यंत गडद पट्टा जातो, मान बारीक आणि गाल फुगीर. पिल्लं वेगळीच दिसतात, तांबूस-तपकिरी आडव्या पट्ट्यांची आणि शेपटीचं टोक हळदीसारखं पिवळं. ते टोक अळीसारखं हलवून बेडकाला जवळ बोलावतात. माझ्या मुलीने पहिल्यांदा बघितलं तेव्हा तिला ते इतकं सुंदर वाटलं की हात पुढे केला होता तिने, मी मागून फ्रॉक धरून ओढली. पिल्लं ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये येतात, अंडी नाही, थेट पिल्लंच, त्यामुळे ते दोन महिने मुलीला तळ्याकाठी गेटर घातल्याशिवाय बंदी.

गेटर म्हणजे नेहमीच्या बुटावर नडगीला बांधायचं कवच, आत प्लास्टिकच्या कडक पट्ट्या असतात, ८० डॉलरला घेतले. मुलांचे पाय वाढतात, दरवर्षी १९५ डॉलर कोण घालणार, त्यांच्यासाठी हे बरं. पण लक्षात ठेवा, खाली कॅनव्हासचे बूट घातले तर पाऊल उघडंच. खाली चामड्याचेच हवेत. आणि रबरी गमबूट हे सापासाठी नसतात, इथे अर्धं गाव ते घालून फिरतं आणि स्वतःला सुरक्षित समजतं.

जिथे बूट कामाचे नाहीत

हात. हे मला कोणीतरी आधी सांगायला हवं होतं. होमस्टेडवर, म्हणजे अशा जमीन-कोंबड्यांच्या घरी, दिवसभर आपण हातच घालत असतो, खुराड्यात अंड्यांसाठी, पंपाच्या झाकणाखाली, लाकडाच्या ढिगात, भोपळ्याच्या वेलाखाली. एकदा अंड्यांच्या खोक्यात न बघता हात घातला आणि थंडगार काहीतरी लागलं. टेक्सास रॅट स्नेक होता, आपल्या धामणीसारखा, बिनविषारी, पोटात तीन अंडी स्पष्ट दिसत होती. त्या दिवसापासून नियम म्हणजे नियम, जिथे डोळे पोचत नाहीत तिथे हात घालायचा नाही. खुराड्यातली खोकी छातीच्या उंचीवर घेतली, लाकडं जमिनीपासून फूटभर वर मांडणीवर रचली, पाइप उचलायला लांब दांड्याचा चिमटा घेतला, आणि एक डोक्याला बांधायचा दिवा. उन्हाळ्यात मोकासिन दिवसा झोपतात आणि रात्री फिरतात, त्यामुळे रात्री खुराडं बंद करायला जाताना बुटांइतकाच तो दिवा महत्त्वाचा, आणि तो फक्त २५ डॉलरला आला.

साप पळवायची पावडर मिळते, डांबराच्या गोळ्यांचा वास असतो तिला, गंधक आणि नॅफ्थलिन. मी सुरुवातीला एक पिशवी घेऊन घराभोवती रेघ ओढली, गावाला गमेक्झीन टाकायचे तसं. चौथ्या दिवशी त्याच रेघेवर एक कॉपरहेड, इथला दुसरा विषारी साप, आडवा पडलेला. पैसे घालवू नका. त्यापेक्षा घराभोवती वीस फूट गवत कापून ठेवा, कोंबड्यांचं खाद्य सांडू देऊ नका, उंदीर आले की मागोमाग साप येणारच. आणि भाजीवर पक्ष्यांपासून प्लास्टिकची बारीक जाळी टाकू नका हो. भेंडीच्या वाफ्यावर मी टाकली होती, त्यात एक पाणसाप अडकला, खवल्यांत जाळी रुतून रक्त आलेलं, नवऱ्याने लांब चिमट्याने धरलं आणि मी तासभर कात्रीने एकेक दोरा कापला. सुटल्यावर गेला तळ्याकडे. जाळी त्याच दिवशी काढली, आता तारेची कडक जाळी आहे.

आणि चावलाच तर

अमेरिकेत वर्षाला सात ते आठ हजार लोकांना विषारी साप चावतात आणि त्यातली साधारण पाच माणसं दगावतात. आपल्याकडे हाच आकडा, २००० ते २०१९ ह्या काळाचा अभ्यास झाला त्यात, वर्षाला सरासरी ५८ हजार मृत्यू. मी हे वाचून बराच वेळ गप्प बसले होते. साप तिकडचे जास्त जहाल आहेत एवढ्यानेच इतका फरक पडत नाही. तिकडे अनवाणी पाय, अंधार, जमिनीवर झोपणं, आणि दवाखाना लांब. आत्याच्या वेळी रिक्षा लगेच मिळाली नसती तर ती त्या आकड्यात गेली असती.

इथे लस आहे, २००० सालापासून क्रोफॅब नावाची, मेंढ्यांपासून करतात आणि ती करताना वापरतात त्या चार सापांच्या विषांत कॉटनमाउथचंही असतं. पण एकेका कुपीला हजारो डॉलर पडतात आणि सुरुवातच चार ते सहा कुप्यांनी होते, त्यामुळे जमीन घेण्याआधी इन्शुरन्सचे कागद वाचा आणि जवळच्या इमर्जन्सीत लस ठेवतात का ते फोन करून विचारा. मी विचारलं तेव्हा आमच्या सगळ्यात जवळच्या ठिकाणी फोनवरच्या बाईंना सांगताच येईना, तीनदा होल्डवर ठेवलं आणि शेवटी नंतर करा म्हणाल्या. मग चाळीस मिनिटांवरच्या मोठ्या हॉस्पिटलने लगेच हो म्हणून सांगितलं, आम्ही रस्ता एकदा गाडीने जाऊन बघून ठेवलाय. फ्रिजवर पॉइझन कंट्रोलचा, म्हणजे विषबाधेवर फोनवर सल्ला देणाऱ्यांचा, नंबर चिकटवलाय, १-८००-२२२-१२२२, चोवीस तास चालू असतो, मुलीलाही पाठ आहे. चावल्यावर घट्ट दोरी बांधायची नाही, कापायचं नाही, चोखायचं नाही, बर्फ लावायचा नाही. अंगठ्या-बांगड्या काढायच्या कारण सूज भराभर चढते, शांत राहायचं, आणि निघायचं. आजोबांच्या कुत्र्याला थोबाडावर चावला होता, डोकं भोपळ्याएवढं झालं बिचाऱ्याचं, जगला पण आठवडाभर पाणीसुद्धा नीट पीत नव्हता.

आई आली तेव्हा

गेल्या वर्षी आई सहा महिने राहून गेली. पहिल्याच सकाळी उठून बघते तर ती अनवाणी तळ्याकडे निघालेली, हातात तांब्या. मी बूट न घालताच मागे धावले, आणि धावताना लक्षात आलं की मीही अनवाणीच आहे. तिला समजावलं, ती म्हणाली, गो, माझा सगळा जन्म कातळावर गेलो, माका नको शिकवू. मग तिला लांबूनच दाखवला. तळ्याचं जादा पाणी जिथून वाहून जातं तिथे एक सिमेंटचा पाइप आहे, त्याच्या तोंडावर एक जाडजूड म्हातारा कॉटनमाउथ सकाळी ऊन खात असतो, चार वर्षं बघतेय, तो आणि मी एकमेकांच्या वाटेला जात नाही. आईने बराच वेळ बघितलं आणि हात जोडले. म्हणाली, राखणदार असा ह्यो जागेचो.

त्यानंतर ती तळ्याकडे गेली नाही, तांब्या घेऊन पडवीच्या कट्ट्यावरच थांबायची, पण रोज सकाळी विचारायची, बाहेर इलो काय तो? मी बूट घालून दुर्बिणीतून बघून सांगायचे. बूट तिने शेवटपर्यंत घातले नाहीत. गाऊनवर ते काय दिसतं म्हणायची. आणि जायच्या आदल्या दिवशी मात्र मला लेस बांधताना बघत उभी होती, तेव्हा खाली बसली, बोटाने बुटाची नडगी दाबून बघितली, मग पावलावरचं चामडं, मग जीभ. म्हणाली, तुझ्या आत्येक असा कायतरी मिळाक होया होता.

येत्या मार्चमध्ये परत येतेय. ह्या वेळी फोनवर तिनेच विचारलं, माझ्या मापाचे मिळतात काय? बायकांचे सहा नंबर दुकानात नसतात, मुलांच्या विभागातले घ्यावे लागतात, ते आणून ठेवलेत, १४० डॉलर. लेस तिच्याने आवळल्या जाणार नाहीत म्हणून त्याच थरांचे पण बाजूने पट्टा असलेले घेतले. दाभणीने सगळीकडे टोचून बघितले, जिभेपाशी दोनदा. गेली नाही आरपार. पडवीत पाचवी खुंटी ठोकली आणि उलटे टांगून ठेवलेत.